ओपन-बॅक हेडफोन आणि त्यांना जुळणारा ॲम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन-बॅक हेडफोन घेण्याआधी काय माहीत हवं?

कपाची पाठ जाळीची असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या (आवाज करणाऱ्या आतल्या भागाच्या) मागचा आवाज आत कोंडत नाही, बाहेर निघून जातो. म्हणून गाणं डोक्याच्या आत दाटल्यासारखं वाटत नाही, कानाबाहेर थोडं पसरतं. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला, तिथून हा प्रकार घरोघरी गेला.

त्याची किंमत म्हणजे शांतता. बाहेरचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येतो आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. लोकल, बस, ऑफिस, झोपलेलं मूल असलेली खोली यांपैकी काहीही असेल तर बंद कपाचा हेडफोन घ्या. पाचवर फिरणारा छताचा पंखासुद्धा तानपुऱ्याचा खालचा खर्ज झाकून टाकतो. दोनवर आणला तर चालतं.

माझ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर चालेल का? ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी वेगळी पेटी, घ्यायलाच हवा का?

हेडफोन हातात असेल तर आधी साधी चाचणी करा. सगळ्यात हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेलं काही निवडा. जुन्या मैफिलीतली विलंबित ख्यालाची सुरुवात उत्तम, सिनेमातलं आजचं गाणं नको, कारण ते मुळातच कमाल पातळीला दाबून भरलेलं असतं. आवाज ७० ते ८० टक्क्यांवर ठेवून पुरेसं ऐकू आलं आणि तबल्याच्या जोरदार थापेवर आवाज फाटला नाही, तर ॲम्पची गरज नाही. १०० टक्क्यांवर जाऊनही अजून हवासा वाटला, तर आहे.

फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसून हेडफोन जॅक देणारे छोटे यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्टपर्यंत देतात. ॲपलचा स्वस्त डोंगलही तेवढा देतो, मात्र त्याची युरोपात विकली जाणारी आवृत्ती अर्ध्या व्होल्टवर थांबते. शिवाय तो बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लावला की आवाज फारच बारीक येतो. तिथे दोष हेडफोनचा नसतो, फोन डोंगलच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोचं जॅक हेडफोनचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) ओळखतं आणि १५० ओहमच्या पुढे ३ व्होल्टपर्यंत देतं. तो लॅपटॉप आणि ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर ॲम्पचे पैसे तूर्त वाचवा.

जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे चालवायला जड, बरोबर ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी सगळ्यात जास्त चुकीची खरेदी होते. ओहमचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सोबत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो ते, लागते, आणि ती कशाच्या हिशेबात दिली आहे तेही पाहावं लागतं. काही कंपन्या १ मिलिवॅटला किती डेसिबल ते लिहितात, काही १ व्होल्टला. दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवले की तुलना फसते.

मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं तर १००० भागिले इम्पीडन्स करा, त्याचा लॉग घेऊन दहाने गुणा आणि मूळ आकड्यात मिळवा. २५ ओहमला १६ डीबी मिळवायचे, ३२ ला १५, २५० ला ६, ३०० ला ५.२, ६०० ला जेमतेम २.२.

आता उदाहरण. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३ डीबी. हायफायमॅन एचई४००एसई हा २५ ओहमचा प्लेनार (सपाट पातळ पडद्याचा), १ मिलिवॅटला ९१ डीबी. कागदावर दुसरा बराच मंद दिसतो. पण १ व्होल्टला तो १०७ डीबी देतो, म्हणजे त्याच डोंगलवर एचडी ६५० पेक्षा ४ डीबी मोठाच वाजायला हवा. अट एकच: डोंगलने तेवढा करंट पुरवला पाहिजे.

खरा फरक तिथेच आहे. शास्त्रीय संगीताची सरासरी पातळी ८० डीबीच्या आसपास ठेवली, वर उसळणाऱ्या थापांसाठी २० ते २५ डीबी आणि थोडी राखीव जागा धरली, की ११० डीबीचं शिखर गाठता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारे आकडे असे:

- एचडी ६५०: २.२ व्होल्ट, साडेसात मिलिॲम्पिअर, १७ मिलिवॅट
- बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहम: २.५ व्होल्ट, १० मिलिॲम्पिअर, २५ मिलिवॅट
- एकेजी के७०२, ६२ ओहम: १.८ व्होल्ट, २९ मिलिॲम्पिअर, ५१ मिलिवॅट
- एचई४००एसई: १.४ व्होल्ट, ५६ मिलिॲम्पिअर, ७९ मिलिवॅट
- हायफायमॅन एचई-६, ५० ओहम, १ मिलिवॅटला ८३.५ डीबी: ४.७ व्होल्ट, ९५ मिलिॲम्पिअर, ४५० मिलिवॅट

३०० ओहमवाल्याला व्होल्टेज हवं, करंट नावापुरता. प्लेनारला व्होल्टेज कमी चालतं, पण करंट मुबलक हवा. एचई-६ ला दोन्ही हवं, म्हणून काही लोक तो स्पीकरच्या ॲम्पवर चालवतात. इक्वलायझरने (सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) बेस ५ डीबी वाढवणार असाल तर या यादीत तेवढी भर घाला. एचडी ६५० ला मग २.२ ऐवजी ४ व्होल्ट लागतात.

ॲम्पच्या खोक्यावर "२००० मिलिवॅट" लिहिलं आहे. पुरेसं आहे का?

किती ओहमला, ते विचारा. समजा पत्रकात ३२ ओहमला २००० आणि ३०० ओहमला ५६० मिलिवॅट दिलं आहे. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. पहिल्या ओळीतून ८ व्होल्ट आणि २५० मिलिॲम्पिअर निघतात, दुसरीतून १३ व्होल्ट आणि ४३ मिलिॲम्पिअर. म्हणजे हा ॲम्प १३ व्होल्ट देऊ शकतो, पण ३२ ओहमला करंट संपल्याने ८ वर अडकतो. वरच्या यादीतल्या कोणत्याही हेडफोनला तरीही तो भरपूर आहे.

तो आकडा बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या बाजूंच्या ऋण तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) जॅकचा आहे की साध्या ६.३५ मिमीचा, हेही पाहा. जाहिरातीत बॅलन्स्डचाच छापतात.

जास्त पॉवरने आवाज "उघडतो" असं म्हणतात. गरज भागल्यावर उरलेली पॉवर नुसती पडून राहते. १७ मिलिवॅट लागणाऱ्या हेडफोनला दोन वॅटचा ॲम्प आणि अर्ध्या वॅटचा ॲम्प यांत काही फरक पडत नाही. हाय गेनवर (ॲम्पची आवाज वाढवण्याची पट जास्त ठेवल्यावर) मात्र आवाजाची मूठ आठ वाजताच्या खुणेपाशीच अडकून राहते, आणि स्वस्त पोटेन्शिओमीटर (मुठीमागचा भाग) त्या टोकाला दोन्ही बाजूंना सारखा आवाज देत नाही. डावीकडे झुकलेला गायक ऐकू आला तर आधी गेन कमी करा. मूठ १० ते २ वाजण्याच्या दरम्यान राहील असा गेन योग्य.

आउटपुट इम्पीडन्स कशासाठी पाहायचा?

हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये (कॉइलच्या नेहमीच्या प्रकारात) तो खालच्या बेसमध्ये, साधारण १०० हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे, उंच जातो. एचडी ६५० मध्ये ३०० चा ५०० किंवा जास्त होतो. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असेल तर जिथे हेडफोनचा इम्पीडन्स जास्त तिथेच जास्त व्होल्टेज पडतं, आणि बेस फुगतो.

किती, ते मोजता येतं. १२० ओहमच्या आउटपुटवर एचडी ६५० चा बेस जेमतेम १ डीबीने वाढतो, काहींना तो आवडतोही. तोच आउटपुट ३२ ओहमच्या, बेसमध्ये ८० ओहमवर जाणाऱ्या हेडफोनला लावला तर साडेपाच डीबीची चढण होते, डग्गा घुमू लागतो आणि त्याची बोलण्यातली मींड पुसली जाते. म्हणून ढोबळ नियम असा: ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. आजचे बहुतेक सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचे) ॲम्प १ ओहमच्या आसपास किंवा खाली असतात, त्यांची चिंता नको. प्लेनारचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, म्हणून त्याच्या स्वरात फरक पडत नाही, फक्त पॉवर वाया जाते.

घरात वडिलांचा जुना स्टिरिओ ॲम्प आहे. त्याचं हेडफोन जॅक वापरू का?

३०० किंवा ६०० ओहमचा हेडफोन असेल तर बेधडक. त्या काळच्या अनेक ॲम्पमध्ये स्पीकरच्याच आउटपुटला दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर जोडून हेडफोन जॅक दिलेलं असायचं. मोठ्या ओहमच्या हेडफोनला ते सोसतं. ग्रॅडो कंपनीच्या ३२ ओहमच्या हेडफोनला नाही. मूठ फिरवताना खरखर आली तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा, आणि हेडफोन कानावर न घेता जोडून पाहा.

एचडी ६५०, डीटी ९९० प्रो, के७०२, एचई४००एसई: कोणता घ्यावा?

ऐकता काय, यावर ठरवा.

गळ्याचं संगीत प्रामुख्याने ऐकत असाल, म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, तर एचडी ६०० किंवा ६५०. मधली पट्टी यांच्याइतकी नैसर्गिक या किमतीत क्वचित मिळते. गायकाच्या श्वासाची जागा, सारंगीची घासट, तानपुऱ्याची जवारी जशी हवी तशी येते. ६०० किंचित उजळ, ६५० किंचित उबदार, आणि दोघांत भांडण लावण्याइतका फरक नाही. उणिवा दोन. ४०-५० हर्ट्झच्या खालचा बेस उतरत जातो, आणि आवाजाचा विस्तार, म्हणजे डोक्याभोवतीचा पसारा, मोठा नाही, गायक अगदी समोर बसतो. नवा असताना पकड घट्ट असते. रात्रभर स्वतःच्या खोक्यावर ताणून ठेवला की सैलावते.

डीटी ९९० प्रो मध्ये बेस उचललेला आणि ८ किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार चढ. खेळ, सिनेमा, इलेक्ट्रॉनिक संगीत यांत मजा येते. पण स, श, च यांची धार टोचते, आणि झांजा-टाळ असलेला अभंग अर्धा तास ऐकला की कान थकतात. मखमली गाद्या आणि आरामाच्या बाबतीत मात्र याला तोड नाही. वायर कपात पक्की बसवलेली आहे, तुटली तर डाग द्यावा लागतो.

के७०२ चा विस्तार मोठा. वाद्यवृंद, जुगलबंदी, अनेक वाद्यं एकत्र वाजत असताना प्रत्येक वेगळं ऐकायचं असेल तर उत्तम. अंग मात्र हडकुळं, ढोलकी आणि पखवाजाला वजन मिळत नाही.

एचई४००एसई चा बेस खोलवर सपाट जातो, डग्ग्याचा घिस्सा पूर्ण ऐकू येतो. १.५ ते २ किलोहर्ट्झदरम्यान खाच असल्याने आवाज थोडा मागे सरकतो. वजन ३९० ग्रॅम, म्हणजे एचडी ६५० च्या दीडपट. मानदुखी असेल तर हा आकडा सेन्सिटिव्हिटीहून महत्त्वाचा.

एकच घ्यायचा आणि वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर आमचं मत एचडी ६०० किंवा ६५० कडे. गादी, वायर, हेडबँड, ड्रायव्हर, सगळं सुटं मिळतं आणि घरच्या घरी हाताने बदलता येतं.

पैसे हेडफोनवर घालू की ॲम्पवर?

हेडफोनवर. दोन हेडफोनांत एखाद्या पट्टीत ५ ते १० डीबीचा फरक सहज असतो. कमी आउटपुट इम्पीडन्सच्या, पुरेशी पॉवर असलेल्या दोन चांगल्या ॲम्पमध्ये, आवाजाची पातळी काटेकोर सारखी केल्यावर, फरक ओळखणं फार कठीण जातं. शिट मॅग्नी, जेडीएस लॅब्ज ॲटम या वर्गातला ॲम्प घेतला की वरच्या यादीतला एचई-६ सोडून बाकी सगळं निश्चिंतपणे चालतं.

मग ॲम्पची तुलना करायचीच असेल तर कशी?

जो जरा मोठा तो सरस वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून आधी पातळी जुळवा. फोनवरून ३०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, हेडफोन जोडलेलाच ठेवा पण कानावरून काढा, दुहेरी जॅकच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्ही ॲम्पवर आकडा एक टक्क्याच्या आत जुळला पाहिजे: एकावर ०.५०० तर दुसऱ्यावर ०.४९५ ते ०.५०५. कोपऱ्यावरच्या दुकानातला स्वस्त पिवळा मल्टिमीटर इथे चालत नाही, त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते. २ व्होल्ट एसी रेंज असलेला घ्या. नंतर दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे वायर बदलू द्या.

हेडफोन-हेडफोनची पातळी मीटरने जुळत नाही. ५०० ते २००० हर्ट्झचा पिंक नॉइज (पावसासारखा सलग आवाज) लावून कानाने जुळवा, मुठीची खूण लिहून ठेवा, आणि दहा-पंधरा सेकंदांचा तोच तुकडा आलटून-पालटून ऐका. काल ऐकलेल्याशी आजची तुलना व्यर्थ.

ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) ॲम्प घ्यावा का?

हेडफोन ३०० ओहमचा किंवा त्याहून वरचा असेल तर हौस म्हणून जरूर. बॉटलहेड क्रॅकसारखे ट्रान्सफॉर्मरशिवायचे ट्यूब ॲम्प मोठ्या ओहमसाठीच बनलेले आहेत. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स शंभर ओहमच्या पुढे असतो आणि करंट तुटपुंजा. प्लेनार लावला तर आवाज लवकर फाटतो. अशा ॲम्पमध्ये हेडफोन ट्यूब तापल्यावरच, साधारण मिनिटाने जोडा, कारण सुरू होताना आउटपुटवर डीसीचा झटका येऊ शकतो. किट स्वतः जोडणार असाल तर आत शंभराहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात. मोजल्याशिवाय हात घालू नका.

बॅलन्स्ड वायरने आवाज सुधारतो का?

व्होल्टेज सहसा दुप्पट मिळतं, म्हणजे ६ डीबी. साध्या जॅकवर आधीच पुरत असेल तर बॅलन्स्डने हाती विशेष लागत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बॅलन्स्ड हेडफोन साध्या जॅकला ॲडॅप्टरने जोडता येतो. उलट, ॲम्पच्या ४.४ मिमी किंवा चार पिनी एक्सएलआर आउटपुटमधून साध्या ३.५ मिमीवर आणणारा ॲडॅप्टर कधीही लावू नका. त्यात डावी आणि उजवी ऋण बाजू एकमेकींना शॉर्ट होते आणि ॲम्प जळू शकतो. के७०२ च्या तीन पिनी सॉकेटमध्ये आणि डीटी ९९० प्रोच्या पक्क्या वायरमध्ये ग्राउंड एकच असल्याने त्यांना आतून बदल केल्याशिवाय बॅलन्स्ड करता येत नाही.

इक्वलायझर वापरणं म्हणजे फसवणूक तर नाही?

मुळीच नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. एचडी ६५० ला १०० हर्ट्झच्या खाली ४ डीबीचा लो-शेल्फ (खालची सगळी पट्टी उचलणारा) आणि प्रीॲम्प (एकूण पातळी) उणे ४. डीटी ९९० ला ८ किलोहर्ट्झवर उणे ५, क्यू (पट्टी किती अरुंद ते) २ ते ३. प्रीॲम्प कमी करायचं विसरलात तर जोरदार थापेवर आवाज फाटतो आणि दोष विनाकारण ॲम्पला जातो. प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा असिओवर (विंडोजचा आवाजाचा नेहमीचा मार्ग वगळणाऱ्या पद्धतींवर) असेल तर एपीओ चालतच नाही, "काहीच फरक पडला नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

अमेरिकेतून नातेवाइकांनी ॲम्प आणला. इथे लावू का?

आधी ॲडॅप्टर वाचा. "११५ व्होल्ट" एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० ला लावताच तो जळेल. मॅग्नी, ॲटम, ऑब्जेक्टिव्ह२ यांसारख्या ॲम्पचे ॲडॅप्टर बाहेरही एसीच देतात, १५ व्होल्टच्या आसपास. त्याच्या जागी राउटरचा डीसी ॲडॅप्टर लावला की ॲम्पला धन आणि ऋण यांपैकी एकच बाजू मिळते आणि तो बंद राहतो किंवा विकृत वाजतो. इथे मिळणारा २३० व्होल्ट ते १५ व्होल्ट एसीचा, किमान १ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर घ्या. आधी पिनेचा आकार आणि ॲम्पच्या पुस्तिकेतली व्होल्टेजची मर्यादा जुळवून पाहा.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की गुणगुण का येते?

ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) किंवा कच्ची अर्थिंग. चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर निदान पक्कं. जुन्या इमारतीत तीन पिनी सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तो नुसता आवाजाचा प्रश्न नाही. तोवर ॲम्प आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावा, किंवा डॅकला (डिजिटल संकेताचा आवाज करणाऱ्या पेटीला) ऑप्टिकल वायरने जोडा. तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे लूप तुटतो.

एका बाजूने बेसवर फडफड येते. ड्रायव्हर गेला का?

बहुतेक वेळा केस असतो. जाळीतून आत शिरलेला केस पडद्याला टेकतो आणि फडफडतो. २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकणारा सूर) हळू आवाजात वाजवून कोणती बाजू ते ठरवा, गादी आणि आतला पातळ फोम काढा, उजेडात तिरकं धरून चिमट्याने केस उचला. पडद्याला चिमटा लागू देऊ नका, आणि फुंकर किंवा व्हॅक्यूम तर नकोच.

एक बाजू अधूनमधून बंद पडत असेल तर एचडी ६०० मालिकेत दोन पिनांचं सॉकेट तपासा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चार-पाच वेळा काढ-घाल करा. प्लेनार कानावर दाबताना चुरचुर झाली तर ती हवेच्या दाबाने पातळ पडदा हलल्याची असते, वाजवताना ऐकू येत नसेल तर दुर्लक्ष करा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हेडफोन उघडा टांगून ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की बदला. ऐकून झाल्यावर घामट गाद्या तासभर वाळू द्या, मगच डबा बंद करा. गादी दाबली जाऊन पातळ झाली की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो आणि स्वराचा तोल बदलतो. "हेडफोन जुना झाला, आवाज बिघडला" म्हणून विकायला काढलेले कितीतरी संच नुसती गादी बदलली की पूर्ववत होतात.